चिऊच्या पोशाखाबद्दल, बाळूस

पुणे



परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, खेळ चांगला आहे, पण ते कपडे मला बघवत नाहीत." चिऊ त्याच खोलीत असणार हे मला कळत होतं, म्हणून मी विषय बदलला. पण तुझा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या बापाला हा प्रश्न पडतो, आणि तो मनात दाबून ठेवण्यापेक्षा विचारलास हे बरंच केलंस. माझं आयुष्य शाळेत खेळ शिकवण्यात आणि नंतर जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत जजेसच्या टेबलामागे बसण्यात गेलं. तेव्हा या पोशाखाबद्दल मला जे माहीत आहे ते तुला नीट समजावून सांगणं माझं कामच आहे. निर्णय तुम्ही तिघांनी घ्यायचा. तिघांनी म्हणते, कारण चिऊच्या अंगावर काय असावं यात तिचा शब्द आधी ऐकला पाहिजे.

एरोबिक्स म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या हॉलमध्ये गाण्याच्या तालावर हातपाय हलवणारी माणसं येत असतील. मूळ तेच आहे. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली 'एरोबिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. हृदय आणि फुप्फुसं बळकट करायची तर धावणं, पोहणं, सायकल चालवणं यांसारखे दमसासाचे व्यायाम सातत्याने करायला हवेत, हे त्यांनी मोजमापं देऊन मांडलं. पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन या बाईंनी त्याला संगीताची आणि नाचाची जोड दिली. १९८२ मध्ये जेन फोंडाची व्हिडिओ कॅसेट आली आणि हा प्रकार घराघरांत शिरला. पण चिऊ करते तो खेळ आता फार पुढे निघून गेला आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने तो आपल्या छत्राखाली घेतला, १९९५ मध्ये पॅरिसला त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरवली, आणि १९९७ मध्ये तो वर्ल्ड गेम्समध्येही आला. ऑलिंपिकमध्ये अजून नाही. आज त्याचं नाव एरोबिक जिम्नॅस्टिक्स. मोठ्यांसाठी १० मीटर लांब-रुंद चौकोन, लहान वयोगटांना त्याहून छोटा. त्यात सव्वा ते दीड मिनिट, एक क्षणही न थांबता, वेगवान संगीतावर सात ठरावीक पावलांच्या गुंफणी करायच्या आणि त्यांच्या मध्ये उड्या, गिरक्या, स्प्लिट, एका हातावरचे पुश-अप, दोन तळहातांवर सगळं अंग तोलून धरणं, असे अवघड प्रकार बसवायचे. हे सगळं करताना चेहऱ्यावर दम लागल्याची खूण दिसता कामा नये. पोशाखाचा विचार या सव्वा-दीड मिनिटाशी जोडूनच करायला हवा.

आता मी टेबलामागे बसून काय बघते ते ऐक. जजेसचे गट वेगवेगळे असतात. एक गट रचना आणि सादरीकरण बघतो, दुसरा अवघड प्रकारांची किंमत ठरवतो, तिसरा फक्त अंमलबजावणी बघतो. म्हणजे जे केलं ते किती नेमकं केलं. या तिसऱ्या गटाच्या हिशेबात खेळाडू दहा गुणांनी सुरुवात करतो, आणि प्रत्येक चुकीला त्यातून वजावट होते. अगदी लहान चूक असली तरी ०.१ जातो. लहान चूक कोणती? उडीत गुडघा किंचित वाकला. पायाचा चवडा ताणलेला राहिला नाही. पुश-अप घेताना कंबर खचली. 'एल सपोर्ट' म्हणतात त्या प्रकारात, म्हणजे दोन तळहातांवर अंग उचलून पाय समोर सरळ धरतात तेव्हा, पाय पूर्ण सरळ राहिले नाहीत. स्प्लिटमध्ये नितंब एका बाजूला फिरले. कबड्डीत गडी बाद झाला की नाही हे साऱ्या मैदानाला कळतं, क्रिकेटमध्ये धावा फळ्यावर लागतात. इथे गुण ठरतो तो शरीराच्या रेषेवरून. ती रेषा दिसली तरच गुण, नाही दिसली तर जज काय मोजणार?

सैल ट्रॅकपँट घातलेली मुलगी उडी मारते तेव्हा तिचा गुडघा सरळ होता की वाकडा, हे कापडाच्या घडीत हरवून जातं. तुला वाटेल, मग बरंच की, चूक झाकली गेली! पण तसं होत नाही. संशयाचा फायदा या खेळात खेळाडूला मिळेलच असं नाही, आणि तिने वर्षभर घाम गाळून जे पाय सरळ केले तेही त्या कापडाखाली झाकले जातात. चिऊच्या पायांची रेषा सुंदर आहे, बाळू. मागच्या दिवाळीत तिने मला अंगणात उडी करून दाखवली. दोन्ही पाय जमिनीला समांतर, चवडे ताणलेले. ही तिची कमाई आहे आणि ती दिसायला हवी.

हे झालं गुणांचं. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट इजेची आहे. चिऊ ट्रायोत आहे, म्हणजे तिघी एकत्र करतात. त्यात एकमेकींना उचलण्याच्या रचना असतात. उचलणारीचा हात कंबरेला किंवा मांडीला भक्कम बसायला लागतो. हात ढगळ कुडत्यावर पडला तर बोटांत कापड येतं, शरीर येत नाही, आणि वरची मुलगी निसटते. ओढणी, नाडी, फडफडणारी बाही, लोंबणारं कानातलं यांत बोट अडकून किंवा पाय गुंतून पडायला क्षण पुरतो. म्हणूनच नियमांत दागिने चालत नाहीत, केस घट्ट बांधलेले असावे लागतात आणि पोशाखावर सुटं लोंबणारं काही नसावं लागतं. जिला उचलायचं ती आणि जी उचलते ती, दोघींचा जीव त्या पकडीवर असतो.

शिवाय कोचच्या नजरेचाही विचार कर. उडी मारून खाली येताना अनेक मुलींचे गुडघे आत वळतात. वयात येण्याच्या काळात, हाडं झपाट्याने वाढत असतात तेव्हा, हे जास्त दिसतं. गुडघा असा आत वळून पुन्हा पुन्हा जमिनीवर आदळला की आतला अस्थिबंध फाटण्याचा धोका वाढतो, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत जास्त होते. चांगला कोच हे बघून आधीच सावध करतो, मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम देतो, उतरायला नव्याने शिकवतो. पण गुडघा दिसला तर! म्हणून स्पर्धेपुरताच नाही, रोजच्या सरावातही अंगाबरोबरचा पोशाख लागतो. सरावात तो भपकेदार नसला तरी चालेल. साधी काळी लेगिंग आणि अंगाला बसणारा टी-शर्ट पुरतो.

आता टाइट्स. तू विशेष करून त्याबद्दल कुरकुरलास, आणि मला नवल वाटलं, कारण टाइट्स ही या पोशाखातली झाकणारी वस्तू आहे. लिओटार्ड धड झाकतो, टाइट्स कंबरेपासून घोट्यापर्यंत पाय झाकतात. लाकडी किंवा गालिचा घातलेल्या जमिनीवर घसरत स्प्लिट घेताना, गुडघ्यावर गिरकी घेताना कातडी सोलवटते, त्यापासून त्या वाचवतात. पायावरचे जुने व्रण, निळे डाग, चिकटपट्ट्या यांवर त्या एकसारखी पातळ चादर घालतात, त्यामुळे जजचं लक्ष रेषेवर राहतं. तिघींचे पाय एकाच रंगाचे दिसले की तिघींचा एकमेळ लगेच कळतो. खाली पांढरे मोजे आणि पांढरे शूज, ते सगळ्यांना स्पष्ट दिसले पाहिजेत असा नियमच आहे, कारण पावलांचं काम त्यांवरून वाचलं जातं. आणि स्पर्धेच्या धकाधकीत लिओटार्ड किंचित सरकला तर मुलीचा जीव कानकोंडा होऊ नये याची तजवीजही टाइट्स करतात. टाइट्स घातल्या म्हणून ताकद वाढते, असंही काही दुकानदार सांगतात. त्यावर पैसे घालवू नकोस, त्याला ठाम आधार मिळालेला नाही. कापड अंगाबरोबर ताणलं जावं आणि अंगाबरोबर परत यावं, एवढंच त्याचं काम.

हे कापडही फार जुनं नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला. लायक्रा हे त्याचं बाजारातलं नाव. मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही तो सोडल्यावर जागेवर येतो. त्याआधीच्या विणलेल्या कापडाला गुडघ्यावर फुगे यायचे आणि घामाने ते ओघळायचं. नायलॉनमध्ये थोडा लायक्रा मिसळला आणि कसरतपटूंच्या पोशाखाचा प्रश्न सुटला.

आणि अंगाबरोबरच्या पोशाखाची सुरुवात कुणापासून झाली ते ऐकशील तर चकित होशील. फ्रान्समधल्या तुलूझचा ज्यूल्स लिओटार नावाचा तरुण कसरतपटू १८५९ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर हवेतून झेपावू लागला. त्याने बाह्यांसकट अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख वापरला, कारण झोक्याच्या दोऱ्यांत कापड अडकणं म्हणजे मरण, आणि त्याच्या शरीराची हालचाल लोकांना दिसायलाही हवी होती. आज मुली घालतात त्या पोशाखाला त्याचंच नाव आहे. म्हणजे हा मुळात पुरुषाचा, कामाच्या गरजेतून निघालेला कपडा.

तुला हे आपल्या मातीतलं हवं असेल तर तुझे व्यायामशाळेतलेच दिवस आठव. मल्लखांबाला एरंडेल लावायचं आणि तुम्ही पोरं लंगोटावर खांब धरायचात. गुरुजींनी कुणाला सदरा घालून चढू दिलं? खांबाला कातडी लागली पाहिजे, कापड लागलं की पकड सुटते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने उभा केला, तेव्हापासून आजपर्यंत त्याचा पोशाख अंगाला घट्टच राहिला आहे. गणेशोत्सवात तुमची प्रात्यक्षिकं बघायला अख्खी आळी लोटायची, आई पुढच्या रांगेत बसायची, आणि तुमच्या कपड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लोक पकड बघत होते. दादरच्या शिवाजी पार्कवर, श्री समर्थ व्यायाम मंदिरात, मुली दोरीच्या मल्लखांबावर अंगाबरोबरचा पोशाख घालून किती वर्षं चढताहेत. लंगोटातल्या मुलाकडे बघताना आपल्याला खेळ दिसतो आणि टाइट्समधल्या मुलीकडे बघताना कपडे दिसतात, हा फरक बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे, आणि तो आपणच दूर करायचा आहे. चिऊवर त्याचा भार टाकू नकोस.

आपली आजीसुद्धा भातलावणीला चिखलात उतरायची तेव्हा नऊवारीचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचून घ्यायची. गावातल्या साऱ्या बायका तशाच वाकून लावणी करायच्या. काम जसं, तसा कपडा.

२०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत उतरली, ती तुझ्याच घरातली रात्र मला आठवते. प्रोदुनोव्हा हा जीवघेणा व्हॉल्ट तिने केला, १५.०६६ गुण मिळवले आणि अवघ्या ०.१५० गुणांनी तिचं कांस्यपदक हुकलं. तू डोळ्यांत पाणी आणून टाळ्या वाजवत होतास. ती लिओटार्डमध्येच होती, बाळू. तेव्हा तो तुझ्या डोळ्यांत खुपला नाही, कारण ती काय करते आहे ते तुला दिसत होतं.

पण एवढं सगळं सांगून मी चिऊला म्हणेन का, की नियम आहे, गप्प घाल? मुळीच नाही. इथे मला तुझ्या बाजूनेही बोलायचं आहे. अंगाबरोबरचा पोशाख ही खेळाची गरज आहे. उघडा पोशाख ही गरज नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ खेळातल्या मोठ्या लोकांनी फार वर्षं केली, आणि ती मुलींनीच मोडून काढली. २०२१ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात युरोपीय स्पर्धेत जर्मनीची सारा व्होस घोट्यापर्यंतचा पूर्ण पोशाख, म्हणजे युनिटार्ड, घालून उतरली. काही महिन्यांनी टोकियो ऑलिंपिकला जर्मनीच्या चारही मुली तशाच उतरल्या. पोशाखापायी त्यांचा एकही गुण गेला नाही, कारण नियमात मुभा आधीपासूनच होती, फक्त फारसं कुणी ती वापरत नव्हतं. ज्या मुलीला जसं सोयीचं वाटेल तसं तिने घालावं, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच वर्षी नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला. जगभर इतकी ओरड झाली की त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला वर्ष संपायच्या आत नियम बदलावा लागला. तिथे मुली बिनबाह्यांच्या बनियनमध्ये आणि आखूड चड्डीतही तितक्याच वेगाने धावत होत्या. वाळूवर गोल करायला बिकिनी लागत नाही. एरोबिक्समध्ये मात्र गुडघ्याची रेषा दिसायला लागते. कोणता नियम खेळासाठी आणि कोणता बघणाऱ्यांच्या हौसेसाठी, हे असं तपासून बघायचं असतं. आणि एरोबिक जिम्नॅस्टिक्सच्या नियमांत तर उलटी काळजी घेतलेली आहे. पायाची कापणी कंबरेच्या हाडापेक्षा वर जाता कामा नये, गळा आणि पाठ फार खोल नको, अंतर्वस्त्रं दिसता कामा नयेत. मुलींना पूर्ण पायांचा युनिटार्डही चालतो.

तेव्हा तुझ्यासमोर 'हे नाहीतर घरी बस' असे दोनच रस्ते नाहीत. तिच्या कोचबाईंना जाऊन भेट. तिघींनी एकाच डिझाइनचा पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा युनिटार्ड शिवला तर चालेल का, हे विचार. जिल्हा आणि राज्य स्पर्धेचं परिपत्रक मागून घेऊन त्यातला पोशाखाचा भाग स्वतः वाच, ऐकीव गोष्टींवर जाऊ नकोस. चिऊला मात्र ही निवड वडिलांची लाज सांभाळायची म्हणून करावी लागू नये. तिला लिओटार्ड आणि टाइट्स आवडत असतील तर तेच असू दे, युनिटार्ड हवा असेल तर तो. दोन्हींत तिची रेषा दिसते, दोन्हींत गुण सारखेच.

तुझ्या मनात खोलवर आणखी एक भीती आहे, ती तू बोललास नाहीस. लोक कसे बघतील, कुणी काही केलं तर. ही भीती खोटी नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ च्या जानेवारीत शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून अधिक मुलींनी आणि बायकांनी न्यायालयात उभं राहून त्याने काय केलं ते सांगितलं. त्यांच्यात ऑलिंपिक पदकविजेत्या होत्या. त्यांचा घात लिओटार्डने केला नाही. उपचाराच्या नावाखाली एक माणूस मुलींवर अत्याचार करत होता, कित्येक वर्षं मुली तक्रार करत होत्या, आणि जबाबदार मोठी माणसं ती ऐकून सोडून देत होती. मुलीला पायघोळ कपडे घातल्याने यातलं काही टळलं नसतं. घरात तिचं बोलणं ऐकून घेतलं जातं हे तिला पक्कं ठाऊक असणं, ही खरी राखण. म्हणून तुला माझं सांगणं आहे की बापाची सगळी काळजी योग्य जागी लाव. कपडे बदलायला मुलींची वेगळी, आतून कडी लागणारी खोली आहे का, ते बघ. कोच किंवा फिजिओ मुलीला एकटीला बंद खोलीत तपासत नाहीत ना, ते विचार. आधार देताना हात कुठे लावणार हे आधी सांगून लावतात का, ते सरावाला बसून बघ. फोटो आणि व्हिडिओ कोण काढतं, ते कुठे जातात, यावर पालकांनी मिळून नियम करा. स्वतः तू तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचार. आणि एखाद्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मला आज जायचं नाही," तर कारण विचारताना आवाज चढवू नकोस.

अजून एक गोष्ट चिऊच्या आईशी बोलून ठेव, कारण ती चिऊ तुझ्याशी बोलणार नाही. अंगाबरोबरच्या पोशाखात आरशासमोर रोज उभं राहणाऱ्या मुलींना आपलं शरीर नावडू लागू शकतं. कुणी सहज म्हणतं, "पोट आलंय, कमी खा." या वयात मुलीचं वजन वाढायलाच हवं, हाडं त्याच काळात भरतात. कमी खाणाऱ्या मुलींची पाळी थांबू शकते आणि हाडांना बारीक तडे जाऊ शकतात, हे खेळांच्या वैद्यकशास्त्रात चांगलं माहीत आहे. पोशाख घट्ट झाला तर शिवणीत माया असते ती उसवायची, नाहीतर नवा शिवायचा. तिच्या ताटातली भाकरी कमी करायची नाही. असं कुणी बोललं, मग ते कितीही नावाजलेले कोच असोत, तर तू त्याच दिवशी जाऊन भेटायचंस. पाळीच्या दिवसांत काय सोय करायची, गडद रंगाचा पोशाख घ्यायचा का, हे मायलेकींनी आधीच ठरवून ठेवावं, म्हणजे स्पर्धेच्या सकाळी तिची तारांबळ होणार नाही.

आपल्या आईला काय सांगायचं, असंही तू विचारलंस. तिला घेऊन सरावाला जा. ती दीड मिनिट बघेल आणि पहिलं वाक्य बोलेल ते "किती दमली गं पोर" असंच असेल, हे मी तुला लिहून देते. शेजाऱ्यांना काही सांगायची गरज नाही.

तुला माझा शब्द पटला नाही तरी एक कर. चिऊसमोर पुन्हा 'ते कपडे' असा उल्लेख करू नकोस. तिने तुझं वाक्य ऐकलंय. त्यानंतर ती सरावात ओढणी गुंडाळून बसते, असं तिच्या आईने मला कळवलं. मुलीला आपल्या अंगाची लाज पहिल्यांदा बापाच्या आवाजातून कळली, तर ती काढून टाकायला फार वर्षं लागतात. मी अशा मुली शिकवल्या आहेत. उडी चांगली असायची, पण हवेत असताना हात पोशाख खाली ओढायला जायचा, आणि मग उतरताना तोल जायचा. चिऊचे हात तिच्या उडीसाठी मोकळे राहू देत.

स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर पालकाची सही अजून झालेली नाही, असं कळलं. मुदत संपायच्या आत कर, आणि ती चिऊच्या समोर बसून कर.

तुझी,
ताई

ता. क. मापं घेताना छाती, कंबर, नितंब याशिवाय एक माप लागतं ते विसरू नका. खांद्यापासून पुढून खाली, दोन पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. हे आखूड पडलं तर पोशाख खांद्यात काचतो आणि खालून वर सरकतो. मापं बाईनेच घ्यावीत, चिऊची आई जवळ असावी. टाइट्स घेताना दुकानात 'स्किन कलर' म्हणून मिळणारा फिकट गुलाबीसर रंग घेऊ नका, तो आपल्याकडच्या सावळ्या मुलींच्या पायांवर पांढुरका दिसतो. चिऊच्या हाताशी जुळवून घ्या, आणि तिघींच्या सारख्या हव्या असतील तर तिघींनी मिळून ठरवा. स्पर्धेआधी निदान आठवडाभर संपूर्ण रुटीन त्याच पोशाखात करू दे, म्हणजे कुठे काचतं ते कळेल. सराव संपला की ओला पोशाख लगेच काढायचा, नाहीतर घामाने खाज येते. धुताना गार पाणी, साधा साबण, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. इस्त्री लागली की लायक्रा कायमचा सैल पडतो.